शॉकअपमध्ये टी-रॉड अडकला? रॉड ओढू नका, आधी खालचा बोल्ट सोडवा

गेल्या रविवारी दुपारी शेजारच्या आळीतला मुलगा गोणपाटात गुंडाळलेला मोटरसायकलचा पुढचा शॉकअप घेऊन दारात उभा राहिला. गोणपाटातून लोखंडी टी-रॉड, म्हणजे आडव्या मुठीचा लांब दांडा, वीतभर बाहेर आलेला. "काका, ऑइल सील बदलायला घेतलं होतं. रॉड ठोकला, बोल्ट काही सुटला नाही, आणि आता रॉडपण निघत नाही." मी रॉड हातात धरून हलकेच हलवला, तर अख्खा शॉकअप त्याच्याबरोबर उचलला गेला. इतका घट्ट.

कोकणात हे दर पावसाळ्याच्या तोंडावर होतं. खारी हवा, घाटातला चिखल, जांभ्याची लाल धूळ. क्रोमच्या पाइपावर टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे पडतात, ते वर-खाली होताना ऑइल सीलचं, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्याचं, ओठ कापतात आणि मग ब्रेक मारला की शॉकअपच्या खालच्या भागावर तेलाचा ओघळ दिसायला लागतो. सील स्वस्त मिळतं, व्हिडिओ बघून पोरं घरीच काम काढतात, आणि ते काढावंच या मताचा मी आहे. पण या कामात हमखास एकाच ठिकाणी गाडी अडते: आतला सीट पाइप धरून ठेवायला जे हत्यार आत घालतो, तेच आत बसतं. माझ्याही हातून पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी तासभर पिळापिळ करून एक चांगला सीट पाइप वाया घालवला होता. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथलं सगळं साध्या टेलिस्कोपिक फोर्कबद्दल, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या पुढच्या शॉकअपबद्दल आहे: स्प्लेंडर, शाइन, पल्सर १५०, क्लासिक ३५०, हिमालयन ४११ अशा गाड्यांचे. मापं बदलतात, म्हणजे २०२१ नंतरच्या क्लासिकला आणि हिमालयनला ४१ मिमीचा जाड पाइप आहे, स्प्लेंडरचा त्याहून बराच बारीक. पण आतली रचना तीच. ड्यूक ३९० सारखा उलटा फोर्क असेल तर तो वेगळाच विषय आहे, त्याला हे लावू नका.

आत काय काय आहे

हे डोळ्यांसमोर नसेल तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून दोन मिनिटं इथे थांबा.

वरचा चकचकीत क्रोमचा पाइप तो फोर्क पाइप. तो खालच्या ॲल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये वर-खाली सरकतो. फोर्क पाइपच्या पोटात एक बारीक पोकळ नळी आहे, तिला आपल्याकडे सीट पाइप म्हणतात, कारण मोठी स्प्रिंग तिच्या डोक्यावर बसते. या नळीचं डोकं रुंद असतं, त्यावर टेफ्लॉनची रिंग असते, डोक्याखाली छोटी रिबाऊंड स्प्रिंग असते. नळीच्या खालच्या टोकाला आतून आटे पाडलेले असतात आणि बॉटम केसच्या तळातून एक ॲलन बोल्ट वर येऊन त्या आट्यांत बसतो. बस्स, सीट पाइप आणि बॉटम केस यांना जोडून ठेवणारा हा एकच बोल्ट. तो निघाल्याशिवाय फोर्क पाइप बाहेर येत नाही आणि नवं ऑइल सील नीट बसवता येत नाही.

आता अडचण अशी की सीट पाइपला गोल फिरण्यापासून अडवणारं आत काहीच नाही. स्प्रिंग दाबलेली असते तोवर तिचा भार त्याला धरून ठेवतो. स्प्रिंग काढली की खालून ॲलन की फिरवाल तसा बोल्टही फिरतो आणि त्याच्याबरोबर सीट पाइपही. बोल्ट फिरतोय, पण सुटत नाही. म्हणून वरून लांब रॉड घालून सीट पाइपचं डोकं धरायचं असतं. काही गाड्यांत डोक्यात षटकोनी खाच असते, काहींत नुसतं गोल भोक. खाच असेल तर काम सोपं. गोल भोक असेल तर लोक चौकोनी, निमुळता केलेला रॉड हातोडीने ठोकून बसवतात, नाहीतर झाडूचा दांडा तासून.

अडकतो कशामुळे

निमुळत्या टोकामुळे. पाचर लाकडात बसते त्याच कारणाने.

लेथवर काम केलेल्या माणसाला हे चटकन कळेल. टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसतं ते मोर्स टेपर नावाच्या निमुळत्या खोबणीत. एका बाजूला जेमतेम दीड अंशाचा उतार, ना बोल्ट ना स्क्रू, तरी हाताने ओढून निघत नाही. उतार जितका कमी तितकी पकड जास्त. तेलकट लोखंडावर लोखंड असेल तर बाजूचा उतार पाच-सहा अंशांच्या आत असला की टोक आपोआप बाहेर सरकत नाही, स्वतःच स्वतःला धरून बसतं. आपण हौसेने कानसून केलेला लांबट निमुळता रॉड नेमका याच मापात येतो. त्यावर हातोडीचे चार घाव घातले की चौकोनाचे चारही कोपरे सीट पाइपच्या ओठात चरे पाडून रुततात.

आणि मग आपण रॉड पिळायला लागतो. पिळल्याने पाचर सैल होत नाही. कोपरे कडेचं लोखंड खरवडतात, कीस आत पडतो आणि पकड आणखी बिघडते. मोर्स टेपरमधलं ड्रिल काढताना कुणी ते पिळत बसत नाही. मागच्या बाजूने सरळ रेषेत एक झटका देतात. इथेही ज्या रेषेत ठोकून बसवलाय त्याच रेषेत, उलट्या दिशेने झटका. ओढ नाही, पीळ नाही.

पण आधी रॉड काढायचाच नाही

हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रॉड अडकला की माणसाचं सगळं लक्ष रॉडकडे जातं. बोल्ट, सील, मूळ काम विसरून तो रॉड उपटायच्या मागे लागतो. जरा थांबून विचार करा: आपल्याला काय हवं होतं? सीट पाइप घट्ट धरलेला हवा होता. रॉड अडकलाय म्हणजे तो आता धरलेला आहे, हवा होता त्याहून जास्तच. मग या पकडीचा फायदा घ्या आणि खालचा बोल्ट सोडवा. बोल्ट निघाला की रॉड आणि सीट पाइप दोन्ही एकमेकांना चिकटलेले तसेच फोर्क पाइपच्या वरच्या तोंडातून सरळ बाहेर येतात. सीट पाइप नाहीतरी वरूनच निघतो. एकदा ते दोन्ही टेबलावर आले की उजेडात, डोळ्यांसमोर, हवं तसं सोडवता येतं. नळीच्या आत दीड फूट खोल, अंधारात, तेलात झटापट कशाला करायची?

त्या मुलाच्या शॉकअपचं आम्ही हेच केलं.

आधी शॉकअप उलटा करून उरलेलं तेल काढलं. फोर्क पाइप चार-पाच वेळा वर-खाली केला की भोकांत अडकलेलं तेलही येतं. काळं, पातळ झालेलं आणि कुजलेल्या मासळीसारखा वास मारणारं. जुन्या फोर्क ऑइलचा वास एकदा घेतला की विसरत नाही. मग फोर्क पाइप पूर्ण खाली दाबून बॉटम केसमध्ये ढकलला. याने सीट पाइपचं डोकं वरच्या तोंडाच्या बरंच जवळ येतं, बॅटरी मारली की रॉड कुठे आणि कसा बसलाय ते दिसतं. आमचा रॉड किंचित तिरका बसला होता. म्हणूनच इतका घट्ट.

बॉटम केस धरायला व्हाइसचे उघडे जबडे कधीच लावू नका, ओतीव ॲल्युमिनियम आहे, दातांचे वळ उठतात आणि जास्त आवळलं तर केसचा गोलपणा जातो. चाकाचा ॲक्सल त्याच्या भोकात आडवा घाला. केस हातात धरायला तो उत्तम दांडा होतो, फिरू देत नाही. एकाने ॲक्सल आणि टी-रॉडची मूठ धरायची, दुसऱ्याने खालून बोल्ट. काही गाड्यांत ॲक्सलच बोल्टाच्या तोंडाआड येतो. तिथे ब्रेकचा कॅलिपर बसतो ती कानं लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये धरून व्हाइसमध्ये आवळा.

बोल्टाच्या खळग्यात चिखल दगडासारखा बसलेला असतो. तो बारीक स्क्रूड्रायव्हरने आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढल्याशिवाय ॲलन की घालू नका. निम्म्या ॲलन बोल्टांची डोकी झिजतात ती ॲलन की अर्धीच आत गेल्यामुळे. एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टाला ६ मिमीची की बसते, एम१० ला ८ मिमीची. की आत बसली की तिच्यावर हातोडीचे एक-दोन टोले द्या. त्याने दोन गोष्टी होतात: की तळापर्यंत बसते आणि बोल्टाच्या आट्यांतला जाम जरा मोडतो.

कंपनीतून येताना या बोल्टाला थ्रेड लॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, लावलेला असतो. तो ऊब दिली की नरम पडतो. हॉट एअर गन असेल तर केसच्या अगदी तळाशी, बोल्टाभोवती चार-पाच मिनिटं गरम हवा द्या. सील वरच्या टोकाला असतं, तिथपर्यंत धग पोहोचत नाही. गॅसची बत्ती मात्र नको. आत तेलाची वाफ असते, आणि ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, थेट बसतं. वरच्या बाजूने फोर्क पाइपला आच देऊन रॉड सोडवायचा विचार तर मनातूनही काढून टाका. क्रोम निळं पडलं तर पाइपच बदलावा लागेल.

गरम असतानाच इम्पॅक्ट गनने (झटके देत बोल्ट फिरवणाऱ्या मशीनने) किंवा लांब दांड्याच्या सॉकेटने एक सणसणीत झटका. हळूहळू जोर वाढवत नेण्यापेक्षा अचानक दिलेला झटका इथे जास्त चालतो, कारण सीट पाइपला फिरायला वेळच मिळत नाही. आमचा बोल्ट दुसऱ्या झटक्याला "टक्" करून सुटला. तांब्याचं वॉशर बोल्टाबरोबर आलं. मग टी-रॉड वर उचलला आणि सीट पाइप, रिंग, रिबाऊंड स्प्रिंग सगळं त्याला लटकून बाहेर. केसच्या तळाशी ऑइल लॉक पीस म्हणून एक छोटा निमुळता तुकडा राहतो, तो फोर्क पाइप काढल्यावर काढून घ्या. तो न बसवता शॉकअप जोडलेला मी पाहिला आहे. मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतो.

टेबलावर आल्यावर रॉड वेगळा करणं

इथे हातोडी वापरायची, पण सरळ रेषेत.

सीट पाइप आरपार पोकळ आहे. खालच्या टोकाला जिथे बोल्टाचे आटे आहेत तिथून एक सळी वर घाला आणि रॉडच्या टोकावर आतून टेकवा. एम८ आट्यांतून ६ मिमीची सळी मोकळी जाते, एम१० मधून ८ मिमीची. सळीची टोकं आधी कानसून गोल करा, नाहीतर आटे खरचटतील. मग सीट पाइप फडक्यात गुंडाळून मुठीत घट्ट धरा (रॉड नव्हे, सीट पाइप), टी-रॉड खाली मोकळा लटकू द्या, आणि सळीच्या मागे पाव किलोच्या हातोडीने आखडते टोले. तीन-चार टोल्यांत सुटतो. बहुतेक वेळा पहिल्याच. मुलगा बघतच राहिला, कारण सकाळभर त्याने रॉडवर जीव काढला होता.

सळी आत जात नसेल, म्हणजे नळी आतून बारीक होत असेल किंवा बोल्टाचा तुकडा आट्यांत असेल, तर दुसरा मार्ग: सीट पाइप फडक्यात गुंडाळून मुठीत धरा आणि टी-रॉडच्या आडव्या दांड्याखाली, मधल्या दांड्याच्या अगदी जवळ, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे टोले वरच्या दिशेने द्या. लांब टोकावर मारलं तर रॉड वाकेल आणि सीट पाइपचं डोकं वेडंवाकडं होईल.

बोल्ट सुटतच नसेल तर

दोन शक्यता. एक, रॉड अडकलाय पण पिळल्यावर डोक्यातल्या डोक्यात घसरतोय, म्हणजे निघतही नाही आणि धरतही नाही. अशा वेळी आधी रॉड काढावाच लागतो. टी-रॉडची मूठ व्हाइसमध्ये आवळा, शॉकअप आडवा धरा, आणि बॉटम केस दोन्ही हातांनी आपल्याकडे झटक्याने ओढा. फोर्क पाइप मध्ये मोकळा सरकतो, तो आड येत नाही. सगळा झटका थेट त्या पाचरीवर येतो. वजनदार केस म्हणजे इथे तुमचा हातोडा. पाच-सहा झटक्यांत निघाला नाही तर आडव्या दांड्याखालून टोले. रॉड निघाल्यावर मोठी स्प्रिंग परत घाला, वरची टोपी लावा, शॉकअप जमिनीवर उभा धरून जोडीदाराला त्यावर भार द्यायला सांगा आणि खालून इम्पॅक्ट गन मारा. अनेकदा रॉडशिवायच बोल्ट निघतो.

दुसरी शक्यता वाईट: ॲलन बोल्टाचं डोकं झिजून गोल झालंय. थोडंच झिजलं असेल तर भोकापेक्षा किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) ठोकून बसवा आणि झटका द्या. तेही नाही जमलं तर ड्रिल. आणि पुन्हा तेच: अडकलेला रॉड इथे कामाला येतो. सीट पाइप मोकळा असेल तर ड्रिल लावल्यावर बोल्ट ड्रिलबरोबर गरगर फिरतो आणि एक कीसही निघत नाही. रॉड मुठीत घट्ट धरून ठेवलात तर ड्रिल कापायला लागतं. एम८ बोल्टाला ८ मिमीचं ड्रिल, बरोबर मध्यभागी, कमी वेगाने, वरून थोडं तेल सोडत. आधी ४ मिमीने वाट पाडून घ्या. डोकं कडीसारखं सुटून ड्रिलवर चढलं की थांबा. त्याच्या पुढे एक मिलिमीटरही नको, पुढे केसचा तळ आहे. डोकं गेलं की बोल्टावरचा ताणच गेला; सीट पाइप वर ओढा, राहिलेला दांडा ग्रिपच्या पकडीत धरून, थोडा गरम करून, बहुतेक वेळा हाताने फिरवून निघतो. नवीन बोल्ट घ्या. जुनाच घासून-पुसून वापरू नका, एवढ्याशा पैशांसाठी पुढच्या चाकाशी खेळ नको.

लाकडी दांडा आत मोडला

लोखंडी रॉडपेक्षा लाकूड बरं, असं अनेक जण सांगतात आणि ते खरंही आहे. लाकूड सीट पाइपला इजा करत नाही. पण बांबूचा किंवा हलक्या लाकडाचा झाडूचा दांडा उभा चिरतो आणि टोक आत तुटून बसतं. दाट, वाळलेल्या बाभळीच्या दांड्याला हा त्रास कमी; कुदळ-फावड्याचे दांडे बाभळीचे करतात ते उगाच नाही.

तुटलेलं टोक काढायला ड्रिल लावू नका. बोल्ट निघाला असेल तर खालून सळी घालून वर ढकला, दोन टोल्यांत निघतं. बोल्ट निघाला नसेल तर लाकडात बसवायच्या जाड स्क्रूचं डोकं लांब सळीला वेल्डिंग करून घ्या, स्क्रू त्या लाकडात हाताने पिळून बसवा आणि सरळ वर ओढा. बाटलीचं बूच काढतात तसं.

लाकूड वापरलं की एक गोष्ट विसरू नका. सीट पाइपच्या अंगावर छोटी छोटी भोकं असतात. तेल या भोकांतून जाताना अडखळतं आणि त्यानेच शॉकअप दबताना-उठताना आवर बसतो. लाकडाचं एक कुसळ एका भोकात बसलं तर उजवा शॉकअप एका तऱ्हेने वागेल, डावा दुसऱ्या. वळणावर गाडी विचित्र वाटते आणि लोक टायर, बेअरिंग, रिम सगळं तपासत बसतात. प्रत्येक भोकातून बारीक तार घाला, मग सायकलच्या पंपाने हवा मारा. उजेडाकडे धरून प्रत्येक भोकातून उजेड दिसला पाहिजे.

जोडण्याआधी

सीट पाइपच्या ओठावर रॉडच्या कोपऱ्यांनी जे चरे पाडलेत, त्यांच्या कडा बोटाला लागतात. बारीक कानशीने त्या फक्त मोडा, भोक मोठं करू नका. टेफ्लॉनची रिंग कुठे फाटली नाही ना, हे नखाने फिरवून बघा. मग सीट पाइप काचेवर लोळवा. काचेखालचा उजेड एकसारखा दिसला तर सरळ, पट्टी उघडझाप झाली तर वाकलेला. वाकलेला परत वापरू नका. सरळ करून बसवलेला एक सीट पाइप महिन्याभरात फोर्क पाइपला आतून घासताना मी पाहिला आहे, तेल चंदेरी झालं होतं.

बॉटम केस, फोर्क पाइप, नळी सगळं रॉकेलने किंवा डिझेलने दोनदा धुवा. पहिल्या धुण्याचं पाणी पांढऱ्या कपड्यावर ओता. लोखंडाचे चमकणारे कण दिसतील. दुसऱ्या वेळी दिसले तर तिसऱ्यांदा धुवा. हा कीस राहिला तर नवं सील पंधरा दिवसही टिकणार नाही आणि तुम्हाला वाटेल सील बनावट मिळालं.

बोल्टाला नवं तांब्याचं वॉशर, आट्यांवर मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा एक थेंब. एकच. एम८ ला मॅन्युअलमध्ये साधारण २० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळण लिहिलेलं असतं, आपल्या गाडीचा आकडा बघून घ्या. हातभर लांब पाइप लावून आवळणारे लोकच पुढच्या वर्षी माझ्याकडे अडकलेला रॉड घेऊन येतात.

पुढच्या वेळी अडकू नये म्हणून

सगळ्यात सोपं: शॉकअप गाडीवर असतानाच, स्प्रिंग आत असताना, खालचा बोल्ट पाव वळण सैल करून घ्या. गाडीचा भार पुढच्या चाकावर, कुणीतरी हँडल दाबून धरलंय, आणि खालून एक झटका. दहातले सात-आठ बोल्ट इथेच निघतात आणि रॉडची गरजच पडत नाही. ॲक्सल आड येत असेल तर शॉकअप काढून, पण स्प्रिंग न काढता हेच करा. फक्त तेल नंतर काढायचं हे लक्षात ठेवा, कारण बोल्ट पुरता सुटला की तळातून तेल येतं. खाली घमेलं असू द्या.

रॉड करायचाच असेल तर सीट पाइपच्या डोक्याचं माप व्हर्नियरने घ्या. षटकोनी खाच असेल तर त्याच मापाच्या डोक्याचा बोल्ट घेऊन लांब पाइपला वेल्डिंग करून आणा. दोन नट एकमेकांवर आवळून केलेला जुगाड नको. नट सुटून आत पडतो आणि वर रॉड रिकामा येतो. गोल भोक असेल तर चौकोनी टोकाचा उतार जास्त ठेवा, बाजूला दहा-बारा अंश, आणि टोक आखूड ठेवा. पकड थोडी कमी मिळते, पण काम झालं की हलक्या टोल्याने निघतो. कोपरे तीक्ष्ण ठेवू नका, कानसून किंचित मोडा. रॉडवर टोकापासून किती आत जायला हवा तिथे रंगाची खूण करा. खूण तोंडाच्या खाली गेली की हातोडी खाली ठेवायची.

त्या मुलाला मी त्याचाच रॉड कानसून परत दिला. डाव्या बाजूचा शॉकअप त्याने संध्याकाळी स्वतः उघडला, गाडीवर असतानाच बोल्ट सैल करून. रॉड लागलाच नाही. दोन्ही बाजूंना मापाच्या भांड्याने तेल मोजून सारखं घातलं, टोपी लावण्याआधी हाताने दहा वेळा दाबून हवा काढली, आणि अंधार पडायच्या आत चाक बसलं.